मोसंबीचा रस दादाकडं होता

आमच्या मुलीच्या लग्नाची तारीख धरली आणि कामं वाटायला सगळे बैठकीत बसले. हॉल कुणी बघायचा, पत्रिका कुणी वाटायच्या, असं चाललं होतं. माझा मोठा भाऊ दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "वऱ्हाडाला प्यायला काय द्यायचं ते माझ्याकडं. मी मामा हाय पोरीचा."

 सगळ्यांनी एकदम आत्याबाईंकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं बघायला लागले.

आत्याबाई म्हणजे मुलीच्या वडिलांची आत्या. माझं लग्न झालं तेव्हा दादा विशीतला होता. लग्न आमच्या माहेरी, दौलताबादजवळच्या गावात होतं आणि वऱ्हाडाला लिंबाचं सरबत द्यायचं काम दादाकडं होतं. वऱ्हाड सांगितल्याच्या दुप्पट आलं. दादा घाबरला आणि पिंपात पाणी ओतत गेला. आत्याबाई नवरदेवाकडच्या, मान मोठा, पण पिंपापर्यंत पोचल्या सगळ्यांच्या मागून. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि चार माणसांत विचारलं, "ह्यात लिंबू पिळलंय का नुसतं दाखवलंय?"

त्या दिवसापासून ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं. दादा मला भेटायला आला आणि आत्याबाई आमच्याकडं आलेल्या असल्या, की मी चहाचं आधण ठेवायच्या आत त्या विचारायच्या, "पत्ती टाकणार का नुसती दाखवणार? न्हाई, भाऊ आलाय म्हणून इचारलं." दादा हसायचा. नोकरीत त्यानं दारू पिऊन गाडीत चढलेल्या माणसांना कॉलर धरून खाली उतरवलं होतं. आत्याबाईंसमोर मात्र तो स्वतःच्या चपलांकडं बघत बसायचा. एकदा मला म्हणाला होता, "बाई, ती म्हातारी मरायच्या आधी एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय, मामाकडचं पुरलं म्हणून. नायतर मी मेल्यावर माझ्या फोटोला पण तेच सांगत बसंल."

म्हणून त्यानं रस मागून घेतला. मे महिन्यातलं लग्न, दुपारची वेळ. सरबताचं त्यानं नावच काढलं नाही. मोसंबीचा रस द्यायचा म्हणाला.

दादाची सगळी नोकरी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर म्हणून गेली. तो माणसं मोजत नाही, गाड्या मोजतो. कुठंही गर्दी दिसली की डोळे बारीक करून सांगतो, "तीन गाड्या आन् चार उभे." मयताला गेला तरी सांगतो.

पुढच्या रविवारी दुपारी आमच्या मुकुंदवाडीच्या घरी रसाचा हिशेब करायला बसलो. मुलगी एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. ती मोबाइल हातात घेऊन म्हणाली, "मामा, सोपं आहे. पाचशे माणूस धरू. प्रत्येकी एक ग्लास, वर पन्नास जास्तीचे. झालं."

दादानं तिच्याकडं सुट्टे पैसे नसलेल्या प्रवाशाकडं बघावं तसं पाहिलं. "आसं नसतं बाळा. पाचशे माणूस म्हणजे पाचशे फुल तिकिटं नाय. त्यात पोरं किती?"

"असतील शंभर."

"बाराच्या आतली हाफ. लई बारकी आसतील ती मांडीवर, त्यांचं तिकीट नाय. आता बाया किती?"

"बायांचं काय?"

"बायांना हाफ."

मुलीनं मोबाइल खाली ठेवला. "बायांना अर्धा ग्लास रस? कामून?"

"तू गाडीत बसत नाय व्हय कधी? सरकारनंच केलंय."

मुलीचे वडील हसायला लागले. "दादा, सरकारनं भाडं अर्धं केलंय, घसा नाय."

"दाजी, मी गंमत करत नाय. आयुष्यभर लग्नं पाहिलीत मी. बाईला चहा इचारा, सरबत इचारा, काय म्हणती? अर्धाच द्या. भरून द्या म्हणणारी बाई मला आजून भेटायची हाय." मग तो माझ्याकडं वळला. "बाई, तू सांग. तुला कुणी इचारलं तर तू काय म्हणती?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चारजणांनी एकदम माझ्याकडं पाहिलं की माझी जीभ टाळूला चिकटते. लहानपणी शाळेत चौथीपर्यंत गुरुजींनी काही विचारलं की असंच व्हायचं. मी कशीबशी म्हणाले, "अर्धाच म्हणते."

"बघा," दादा म्हणाला.

"आणि म्हातारी माणसं?" मुलीनं विचारलं.

"पंच्याहत्तरच्या पुढं पूर्ण माफ. शुगरची माणसं आसतात, त्यांना पाणी इचारायचं."

"आमची आत्या अठ्ठ्याहत्तरची हाय," मुलीचे वडील म्हणाले.

दादा सावरून बसला. "त्यांचं वेगळं. पहिला ग्लास त्यांना. मी माझ्या हातानं देणार."

मुलीचा ह्या हिशेबावर विश्वास बसला नाही. म्हणून दादानं खात्री करून द्यायचं ठरवलं. दोन दिवसांनी तो पिशवीभर मोसंब्या घेऊन आला आणि मला म्हणाला, गल्लीतल्या बायांना बोलाव. आठ-दहाजणी आल्या. दादा बैठकीत खुर्ची टाकून बसला आणि मी रसाचा ट्रे घेऊन फिरले.

"अर्धाच गं," पहिली म्हणाली, "आत्ताच चहा झाला."

"मला त्याच्यातला अर्धा," दुसरी म्हणाली.

"नको नको, चवीपुरता दे," तिसरी म्हणाली, आणि तिच्या मांडीवरच्या पोरानं तिचा ग्लास ओढून घेतला.

दादा प्रत्येकीला मान डोलवत होता. त्याच्या तोंडावर असं समाधान मी त्याच्या निवृत्तीच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग बाया ग्लास विसळायला म्हणून माझ्याबरोबर आत आल्या. पातेल्यात रस उरला होता तो एकीनं ओतून घेतला, दुसरीनं तिच्या हातातून घेतला. पिळलेल्या फोडी होत्या त्या पुन्हा पिळल्या. एकजण ओट्याला टेकून म्हणाली, "आता कसं गार वाटलं. बाहेर ते पाहुणे खुर्ची टाकून घोट मोजत होते." सगळ्या हसल्या. पातेलं घासायची गरज राहिली नाही.

बैठकीतली बाई किती पिते हे दादाला कळलं होतं. स्वयंपाकघरातली बाई किती पिते हे कळायला तो कधी आत आला नव्हता. मी बाहेर येऊन त्याला म्हणाले, "दादा, थोडा जास्तच धर."

"धरलाय की. एक गाडी जास्तीची धरली."

ती जास्तीची गाडीही हाफ तिकिटाची असणार हे मला माहीत होतं. पण तो इतका खुश होता की मी ट्रे उचलून आत गेले.

रसवाला शहागंजातला होता. दादा मला बरोबर घेऊन गेला, मी नको म्हणत होते तरी. रसवाल्यानं आधीच सांगून टाकलं, "काका, मोसंबीका रस घरसे निकालके नहीं लाते. थोडा वेळ ठेवला की कडू होतो. मशिन हॉलवर आणणार, तिथंच काढणार. फळ कमी पडलं तर त्या टायमाला मी कुठून आणू? म्हणून आत्ताच नीट सांगा, ग्लास किती?"

"साडेपाच गाड्या," दादा म्हणाला.

रसवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी फळांच्या ढिगाकडं पाहिलं.

मग दादानं गाड्यांचे ग्लास करून सांगितले. रसवाला म्हणाला, "एका ग्लासला तीन फळं जातात. बर्फ टाकला तर दोनमध्ये पण भागतं."

बर्फ म्हटल्यावर दादा एक पाऊल पुढं सरकला. "बर्फ नाय टाकायचा."

"काका, मे महिना आहे. गरम रस कोण पितंय?"

"बर्फ म्हणजे पाणीच. रसात पाणी गेलं तर मी गाव सोडून जाईन. फळं बर्फात ठेव, बर्फात फळं झोपव, काय करायचं ते कर. आत एक थेंब पाणी नाय."

रसवाला मला म्हणाला, "आपा, इनको किसने डराया है?" मी पदर तोंडाला लावला. सांगायचं म्हटलं तर सगळं सांगावं लागलं असतं.

लग्नाच्या दिवशी दादा सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचला. पांढरा सदरा, खिशाला पेन. रसवाल्यानं दाराजवळ टेबल मांडून दोन मशिनी लावल्या होत्या. मागं मोसंब्यांचे कॅरेट रचले होते. वर शोभेला म्हणून कापडाच्या मांडवाला पानांसकट मोसंब्या बांधून लोंबत सोडल्या होत्या. फार सुरेख दिसत होतं.

पहिला ग्लास निघाला तो दादानं उचलला आणि दोन्ही हातांनी धरून पुढच्या सोफ्यापर्यंत नेला. आत्याबाई इस्त्रीची साडी नेसून तिथं बसल्या होत्या. मी बाजूलाच होते.

"आत्याबाई, रस घ्या."

"नको. राहू दे."

"बरं," दादा म्हणाला, आणि आला तसा ग्लास घेऊन परत गेला.

मी बघतच राहिले. आमच्याकडं पहिल्या वेळी कुणी हो म्हणत नाही. दुसऱ्यांदा विचारायचं असतं, तिसऱ्यांदा हातात द्यायचं असतं, तेव्हा कुठं माणूस घेतो. दादाला हे माहीत नसायचं कारण नाही. पण त्या नको म्हणाल्या आणि त्याला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तो थांबलाच नाही. आत्याबाई त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या.

आमच्याकडचे लोक येत गेले आणि ऊन चढत गेलं. मुलाकडचं वऱ्हाड परभणीकडून यायचं होतं. त्यांची गाडी वाटेत पंक्चर झाल्याचा फोन आला. दादा म्हणाला, "खाजगी गाडी. लाल गाडी केली आसती तर आत्ता हितं आसते." पण वऱ्हाड येईपर्यंत लग्न लागणार नव्हतं आणि लग्न लागेपर्यंत जेवण नव्हतं. मग पाचशे नाही तरी तीनशे माणसं उकाड्यात बसून काय करणार? रस पिणार.

बाया टेबलाशी यायच्या, म्हणायच्या, "अर्धाच द्या." दादा समाधानानं अर्धा द्यायचा. त्या दोन पावलं बाजूला होऊन तो संपवायच्या आणि पुन्हा रांगेत यायच्या. "अर्धाच द्या." आमची एक भाचेसून चौथ्यांदा आली तेव्हा दादानं तिला ओळखलं. "तुला दिला ना मघाशी?"

"मामा, मी तर अर्धाच घेतला."

तिचंही खरं होतं. पोरांचं तर विचारायलाच नको. हाफ तिकिटाची पोरं टेबलाखालून ग्लास वर करत होती. ज्यांचं तिकीटच नव्हतं ती कडेवरून हात पुढं करत होती. पुरुष मात्र एक ग्लास पिऊन सावलीला जाऊन बसले होते, पुन्हा उठायचा त्यांना कंटाळा आला होता.

थोड्या वेळानं दादा माझ्याकडं आला. त्याच्या सदऱ्याला पाठीवर घाम फुटला होता. "बाई, दोन गाड्यांचंच फळ राहिलं. वऱ्हाड आजून यायचंय."

"मग?"

"आपल्या बायांना आवर."

मी रांगेकडं पाहिलं. चाळीसजणी तरी होत्या. माझ्या जावा, भावजया, गल्लीतल्या. घरी आलेल्या माणसाला पिऊ नका कसं म्हणायचं? आणि इतक्याजणींना एकदम काही सांगायचं म्हणजे ओरडायला पाहिजे, आणि मी आयुष्यात ओरडले नव्हते. दादा माझ्याकडं बघत होता. बुडत्या मुलानं काठावरच्याकडं बघावं तसा. मी रांगेपाशी जाऊन उभी राहिले. दोनदा तोंड उघडलं, आवाज आला नाही. तिसऱ्यांदा जे आलं ते माझं मलाच नवीन होतं.

"चला गं, पोरगी तयार झाली. बघून घ्या आधी, मग गर्दी व्हईल."

क्षणात रांग मोडली. हातातले ग्लास टेबलावर ठेवून सगळ्या नवरीच्या खोलीकडं निघाल्या, त्यांच्यामागं पोरं. मी सगळ्यांच्या मागून गेले. खोलीत मुलगी खुर्चीत बसली होती. पांढरी साडी नेसून झाली होती, पण एका डोळ्याला काजळ होतं आणि दुसरा डोळा तसाच होता. पार्लरवाली बाई भिंतीला चिकटून हात वर करून उभी होती, कारण हात खाली घ्यायला जागा नव्हती.

"आई," मुलगी म्हणाली, "ह्यांना कुणी पाठवलं?"

मी दाराआड सरकले. एक मावशी तिची हनुवटी धरून म्हणाली, "डोळे किती येगळे दिसतात गं आज." त्या बाया खोलीतून लवकर निघाल्या नाहीत. पंखा तिथंच होता.

तेवढ्यात वऱ्हाड आलं, तशी मी बाहेर आले. दादा टेबलाशी उभा राहून "पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाय" करत होता. त्यानं वऱ्हाडाला हाफ-फुल काही केलं नाही. सगळ्यांना काठोकाठ ग्लास दिले, बायांना, पोरांना, कडेवरच्यांना सुद्धा. शेवटचा कॅरेट उलटा झाला आणि शेवटचा भरलेला ग्लास नवरदेवाच्या आईच्या हातात गेला. दादानं रिकामा जग छातीशी धरला आणि मोठा श्वास सोडला. पुरला होता.

विहीणबाई ग्लास घेऊन सोफ्यावर आत्याबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आजी, तुमचा ग्लास दिसत नाही. तुम्ही नाही घेतला?"

मी सोफ्यामागं उभी होते. दादा जग घेऊन माझ्या बाजूला आला होता. ते ऐकून त्याचा हात जगावर घट्ट झाला. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच लग्न, तीच म्हातारी, आणि ह्या वेळी तर तिच्या वाट्याला पाणीसुद्धा आलं नव्हतं. आता ती काय बोलेल आणि ते परभणीपर्यंत कसं जाईल, हे त्याच्या तोंडावर वाचता येत होतं.

आत्याबाईंनी मान वळवून दादाकडं पाहिलं. मग जगाकडं पाहिलं. तो काचेचा जग रिकामा होता, ते त्यांना दिसत होतं.

"घेतला की," त्या म्हणाल्या. "दोनदा घेतला. आमच्या पोरीचा मामा लई आग्रही. नाय म्हणूच देत नाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज आत्याबाई मुलीकडच्या होत्या. आज काही कमी पडलं असतं तर ते त्यांच्याच घरचं कमी पडणार होतं.

दादा डोळे मिटून उभा होता. पण आत्याबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. यजमानपणाच्या भरात त्या विहीणबाईंना म्हणाल्या, "तुम्ही आजून एक घ्या."

"नको आजी, बास झाला."

"घ्या वो. लाजता काय? इतक्या उन्हाचं आलात."

"नको खरंच."

"मामा," आत्याबाई दादाला म्हणाल्या, "आणा इकडं एक. ह्या लाजतात."

विहीणबाई हसल्या. "बरं, अर्धाच आणा."

आत्याबाईंनी हे मुद्दाम केलं का बोलण्याच्या ओघात झालं, मला आजही सांगता येणार नाही. दादा टेबलाकडं गेला तो चालत गेला, पण मी बघत होते, पळायचं तो फार कष्टानं टाळत होता. रसवाला मशिनी पुसत होता. दादा त्याच्या कानात काहीतरी बोलला. रसवाल्यानं दोन्ही हात पसरले. मग दोघांनीही वर पाहिलं. दादा खुर्चीवर चढला आणि शोभेच्या मोसंब्या तोडायला लागला. एक दोऱ्यासकट आली, एक पानांसकट आली, तिसरीबरोबर मांडवाचं अर्धं कापड खाली आलं. लांबून एकजण म्हणाला, "मामा आत्तापासूनच मांडव उतरवतात का काय?"

अर्धा ग्लास निघाला. दादानं तो दोन्ही हातांनी आणून विहीणबाईंना दिला. त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, "हा तर आधीच्यापेक्षा गोड आहे." मग बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, फुलं पडली. मुलीचे दोन्ही डोळे सारखे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गावी जायला निघाला. आत्याबाई रात्री आमच्याकडंच राहिल्या होत्या. त्यांच्यापुढं चहा आणि उरलेली बुंदी होती, मुलीचे वडील पेपर वाचत होते. दादा पिशवी हातात घेऊन दारात उभा होता आणि जात नव्हता.

"आत्याबाई," शेवटी तो म्हणाला, "काल तुमचा रस राहिला. पिशवीत दोन मोसंब्या हायत. काढू का आत्ता?"

"मला शुगर हाय. डॉक्टरनं गोड बंद केलंय."

"मंग काल..."

"काल मी पिणार नव्हतेच." त्यांनी बुंदीचा घास घेतला. "पण एकदा नको म्हणलं की माणूस पाठ फिरवून जातो व्हय? तीनदा इचारायचं आसतं."

दादा चपलांकडं बघायला लागला. "चुकलं," तो म्हणाला.

आत्याबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. आम्ही सगळे थांबलो. पेपरचं पानही उलटलं नाही.

"रस पुरला मात्र," त्या म्हणाल्या. "विहीण खुश होती."

दादानं वर पाहिलं. 

"वरण तेवढं आळणी झालं," आत्याबाई पुढं म्हणाल्या. "साऱ्या जगाला पत्रिका दिल्या, मिठाला द्यायची राहिली वाटतं."

पेपर हळूहळू खाली आला. स्वयंपाकाचं सगळं मुलीच्या वडिलांकडं होतं. आचारीही त्यांनीच ठरवला होता.

दादानं पिशवी दाराशी ठेवली, आत येऊन पंख्याखालची खुर्ची धरली आणि पाय लांब केले. "बाई," तो मला म्हणाला, "चहा टाक. मी पुढच्या गाडीनं जातो."